शैलाताईची दोरी

बातमी आली तेव्हा मी हैदराबादच्या हिमायतनगरमधल्या एका अनोळखी स्वयंपाकघरात उभी होते आणि माझ्यासमोर मंद आचेवर बटाटे शिजत होते. पाण्याशिवाय. आमच्या भांड्यांच्या धंद्यातला हा हुकमी प्रयोग. जाड बुडाच्या स्टीलच्या भांड्यात नुसते धुतलेले बटाटे टाकायचे, वर घट्ट झाकण ठेवायचं, आणि जमलेल्या बायकांच्या चेहऱ्यावरचा अविश्वास बघत उभं राहायचं. एकच नियम, मध्ये झाकण उघडायचं नाही. शैलाताईनंच तो मला शिकवला होता. "झाकण उघडलंस की वाफ गेली, अन् वाफ गेली की गिऱ्हाईक गेलं." फोनवर शैलाताईच्या यजमानांचं, दिगंबररावांचं नाव दिसलं आणि मी मनात म्हटलं, आता तिच्या डिस्चार्जची वेळ सांगतील. ते फक्त "मृदुला…" म्हणाले आणि पुढे त्यांना बोलता येईना. मला कळलं. मी पिशवी उचलली, त्या घरच्या बाईंना काय सांगितलं ते आठवत नाही, पण निघताना दारातून ओरडले एवढं पक्कं आठवतंय, "अजून थोडा वेळ झाकण उघडू नका!" शैलाताई ऐकती तर गॅलरीच्या कठड्याला धरून हसली असती.

त्याला आता काही आठवडे झाले. छातीत दुखतंय म्हणून तिला दवाखान्यात नेलं होतं, दोन-तीन दिवसांत घरी सोडणार होते, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी मी भेटले तेव्हा ती मजेत होती. नर्सबाईंना त्यांच्या घरी किती माणसं, भाताला कुकर कोणता, असं सगळं विचारून झालं होतं. मी म्हटलं, "ताई, इथे तरी नवं गिऱ्हाईक शोधू नको." तर म्हणाली, "शोधतेय कुठं? तीच बोलली बाई." मग मात्र माझा हात धरून तिनं नीट बजावलं. "मी आठ दिवस तरी काही फोनाला बसत नाही. दोरीवरचे फोन तू कर. बाकीचे राहिले तर राहू दे, कंपनीचा श्रीकांत बघंल. पण तारनाक्याच्या हेमलताचा फोन दसऱ्याच्या आत तूच करायचा. चिठ्ठी लावलेली आहे." मी हो म्हटलं. आजारी माणसाला हो म्हणायचं असतं म्हणून म्हटलं. कारण फोन करणं हे माझं काम नव्हतंच… कधीही नव्हतं.

हे जरा समजावून सांगायला हवं. शैलाताई आणि मी चिक्कडपल्लीत एकाच इमारतीत राहत होतो, ती दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. ती इथलीच. तिच्या माहेरचे लोक निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्यात शेती करत, तिकडूनच वडिलांच्या आधीची पिढी शहरात आली आणि इथल्याच भाषेत विरघळली. मराठीत बोलता बोलता ती "हौ" आणि "नक्को" म्हणे, भाजीवाल्याशी तेलुगूत भांडे, आणि ते भांडण जिंकल्यावर उर्दूत त्याच्या मुलांची चौकशी करे. मी पुण्याची. नवऱ्याची कंपनी इथे म्हणून आले आणि पहिली दोन वर्षं घरातल्या घरात इथल्या उन्हाला नावं ठेवत बसले. एक दिवस ही बाई हातात झाकण घेऊन दारात उभी राहिली. "तुम्ही पुण्याच्या ना? तुमच्या खिडकीतून आमटीचा वास येतो, हात चांगला दिसतो. माझ्याबरोबर येता का? मला बोलता येतं, पण मी केलेली भाजी कोणी दुसऱ्यांदा मागत नाही." ओळखदेख नाही, एकदम हे! पण खरं सांगते, हैदराबादमध्ये माझ्याकडे काहीतरी मागायला आलेलं ते पहिलं माणूस होतं. मी चपला घातल्या आणि गेले.

त्या दिवसापासून आमची वाटणी ठरली. डेमो माझा, फोन तिचा. एखाद्या बाईच्या घरी तिच्या पाच-सहा शेजारणी जमवायच्या, मी तेलाशिवाय भाजी आणि पाण्याशिवाय बटाटे करून दाखवायचे, शैलाताईनं सगळ्यांशी बोलायचं, नावं-नंबर घ्यायचे, आणि मग महिनोन्‌महिने त्यांच्या मागे राहायचं. भांड्यांचा संच स्वस्तातला नाही. ऐकल्याबरोबर घेणारी बाई क्वचित. "मिस्टरांना विचारून सांगते," "सण होऊ द्या," "पोरीची परीक्षा झाली की बघू" ही उत्तरं आम्हाला पाठ होती. तेव्हा विक्री डेमोच्या दिवशी होतच नाही, ती होते नंतरच्या कुठल्यातरी फोनवर, आणि तो फोन कधी करायचा हे लक्षात ठेवणं हाच खरा धंदा. माझी फोनवरची तऱ्हा अशी की मी "नमस्कार" म्हटलं तरी समोरच्याला वाटतं आपलं वीजबिल थकलंय. हे वाक्य माझं नाही, शैलाताईचं. ती चारचौघांत सांगायची आणि वर म्हणायची, "हिच्या आईबापानं हिचं नाव मृदुला ठेवलं, आशा होती बिचाऱ्यांना."

आणि हे फोन ती लक्षात ठेवायची ते गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर. तिच्या मागच्या गॅलरीवर पत्रा होता, त्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत नायलॉनची दोरी, आणि तिच्यावर कपडे सोडून सगळं. रंगीत प्लॅस्टिकचे चिमटे. लाल म्हणजे गरम गिऱ्हाईक, लगेच फोन. पिवळा म्हणजे सण झाल्यावर. निळा म्हणजे "विचारून सांगते". हिरवा म्हणजे घेतलं. पण हिरवे ती काढायची नाही, कारण झाकणाची मूठ नीट आहे का हे विचारायला त्यांनाही फोन जायचाच. प्रत्येक चिमट्यात दोन चिठ्ठ्या. एक जाड, जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली, तिच्यावर बाईचं नाव, नंबर आणि मोहल्ला. दुसरी पातळ, तिच्यावर पुढच्या खेपेला काय विचारायचं ते. "भावाचा दुकानाचा मुहूर्त." "कुत्रा सापडला का?" "मुलगा जेवत नाही, नवीन शाळा." भांड्यांचा शब्द त्यात कुठेच नाही. बोलणं झालं की पातळ चिठ्ठी फाडून नवीन लावायची, जाड तशीच. रोज सकाळी चहा झाला की ती दोरीपाशी उभी राहून चिमटे एकेक बोट स्वयंपाकघराच्या दाराकडे सरकवायची. दारापाशी पोचलेला चिमटा म्हणजे आजचा फोन. मी एकदा म्हटलं, "ताई, वही कर की." तर म्हणाली, "वही मिटली की माणसं दिसत नाहीत गं. हे कसं, भाजीला फोडणी घालताना पण समोर लटकलेले असतात."

मध्यंतरी कंपनीनं फोनवर टाकायचं ॲप आणलं. आमचा एरिया मॅनेजर श्रीकांत, वरंगळकडचा, स्वभावानं फार गोड पोरगा. तो स्वतः घरी येऊन तिला शिकवून गेला. लोकांना वाटेल शैलाताईनं नाक मुरडलं असेल, तर मुळीच नाही. तिला ते फार आवडलं. ठरल्या वेळी टुंग वाजतं याचं तर तिला इतकं कौतुक की ती टुंगला "हौ, आले" असं उत्तर द्यायची. तक्रार एकच. फोन झाला की ॲप विचारायचं, काय झालं? उत्तरं ठरलेली, इच्छुक, इच्छुक नाही, नंतर, चुकीचा नंबर. ती श्रीकांतला म्हणाली, "बेटा, हसी, लेकिन हौ नहीं बोली, ये किधर डालना?" श्रीकांतनं बराच विचार करून "नंतर" म्हणून सांगितलं. त्यामुळे कंपनीच्या हिशेबी शैलाताईचं निम्मं हैदराबाद "नंतर"मध्ये होतं. ॲपमध्ये ती सगळं भरायची, आणि मग जाऊन चिमटे सरकवायची.

आता दिगंबररावांचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट घडलीच नसती. भाऊजी रेल्वेच्या पार्सल खात्यातून निवृत्त झालेले. शिस्तीचा माणूस. आयुष्यभर त्यांची एकच तक्रार होती, घरात गॅलरी असून माझा टॉवेल वाळत घालायला जागा नाही. तो ते कठड्यावर टाकायचे आणि वाऱ्यानं उडून तो खालच्या मजल्यावरच्या तुळशीवर पडायचा. एकदा पावसाळ्यात शैलाताई नांदेडला भाच्याच्या लग्नाला गेली. ऊन नाही, चादरी ओल्या, आणि घरात दुसरे चिमटे नाहीत. भाऊजींनी काय करावं? सगळे चिमटे काढले आणि चादरी घातल्या. बरं, चिठ्ठ्या फेकल्या असत्या तरी एक वेळ परवडलं असतं. पण हा पार्सल खात्यातला माणूस! त्यांनी त्या नीट वर्गवारी करून ठेवल्या. सगळ्या जाड चिठ्ठ्या एका पिशवीत, सगळ्या पातळ दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्हींना सुतळी बांधून वर कागद लावला, "जाड" आणि "पातळ".

शैलाताई परत आली, गॅलरीत गेली, आणि तिथून काहीच आवाज येईना म्हणून भाऊजी घाबरून मला बोलवायला वर आले. मी खाली गेले तर ती दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन जमिनीवर बसलेली. मला वाटलं आता या घरात महाभारत होणार. ती म्हणाली, "बघ मृदुला, किती व्यवस्थित केलंय," आणि जी हसायला लागली ती थांबेना. भाऊजी दारात उभे, आपण चूक केली की बरोबर हे न कळून कधी तिच्याकडे तर कधी माझ्याकडे बघत. मग आम्ही दोघी दुपारभर फरशीवर चिठ्ठ्या मांडून जोड्या लावत बसलो. बहुतेक तिला आठवल्या. कुत्रा कोणाचा, मुहूर्त कोणाचा, सगळं पाठ. पण शेवटी मूठभर उरल्याच. मी म्हटलं, "सरळ फोन करून सांगू, चिठ्ठ्या मिसळल्या." तिला ते पटेना. "असं कसं? त्यांना वाटंल आपण त्यांना विसरलो." आणि उरलेल्या तिनं अंदाजानं लावून टाकल्या. त्यात एक पातळ चिठ्ठी होती, "सासूबाईंचा गुडघा". ती कोणाच्या नावाला लावायची? शैलाताईनं ती तारनाक्याच्या हेमलताबाईंना लावली. मी विचारलं, खात्री आहे का? तर म्हणाली, "विचारून बघू. कोणाच्या ना कोणाच्या सासूचा गुडघा दुखतच असंल."

हेमलताबाई विद्यापीठात शिकवून निवृत्त झालेल्या. तारनाक्याला शेजारणीकडे आमचा डेमो होता, तिथे कोपऱ्यात बसून त्यांनी सगळं ऐकलं, बटाट्याची एक फोड खाल्ली, नंबर दिला आणि उठून गेल्या. एवढीच ओळख. शैलाताईनं फोन स्पीकरवर लावला, म्हणून मी साक्षीदार आहे. "हेमलता मॅडम, शैला बोल रही हूँ, भांडेवाली. आपके अत्तगारू का घुटना कैसा है अब?" अत्तगारू म्हणजे तेलुगूत सासूबाई. पलीकडून एकदम कडक, वर्गात मुलांना उठवून उभं करणारा आवाज आला. "कौनसी सास? मेरी शादीच नहीं हुई." मी कपाळाला हात लावला. दुसरी कोणी असती तर तिनं माफी मागून फोन ठेवला असता, मी तर न मागताच ठेवला असता. शैलाताई म्हणाली, "अरे, फिर तो घुटना एकदम अच्छा होंगा!" आणि मग त्या बाई हसायला लागल्या. अशा हसल्या की मध्ये त्यांना ठसका लागला, पाणी प्यायला फोन बाजूला ठेवावा लागला, आणि परत येऊन पुन्हा हसल्या.

पुढच्या महिन्यात चिमटा दारापाशी आला तेव्हा शैलाताईनं भांड्यांचं विचारायच्या आधीच हेमलताबाई म्हणाल्या, "घुटना ठीक है, लेकिन अत्तगारू आजकल मिर्ची बहुत खा रहे." झालं! तिथून ही सासू जी जन्माला आली ती थांबलीच नाही. महिन्यातून एक फोन. सासूबाई रुसल्या, सासूबाईंनी कामवालीला पळवून लावलं, देवीच्या बोनालू सणाच्या मिरवणुकीत ढोल ऐकून गुडघा विसरून नाचल्या, इराणी चहात बुडवलेलं बिस्किट पडलं म्हणून हॉटेलवाल्याशी भांडल्या. दोघी मिळून रचायच्या, एकीनं धागा सोडायचा, दुसरीनं उचलायचा. फोनच्या शेवटी शैलाताई इमानेइतबारे विचारायची, "फिर सेट का क्या सोचे?" आणि त्या म्हणायच्या, "अकेली को इतने बर्तन कायकू? त्योहार के बाद देखेंगे." की पिवळा चिमटा जाग्यावर. वर्षानुवर्षं तो पिवळाच राहिला. डेमोनंतर त्या दोघी एकदाही भेटल्या नाहीत हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही, पण तसंच आहे.

भाऊजी या प्रकरणावर वैतागायचे. "पालथ्या घड्यावर पाणी! ती बाई काही घेत नाही." शैलाताई म्हणायची, "घेतील तेव्हा घेतील." श्रीकांतनंही एकदा ॲपमध्ये बघून भीत भीत विचारलं, "आंटी, ये तारनाका मॅडम कब तक नंतर?" ती त्याला म्हणाली, "जब तक सास जिंदा है बेटा." तो बिचारा गंभीरपणे मान डोलावून गेला. मला वाटतं त्याला आजही वाटत असेल की तारनाक्याला एक कडक सासू आहे आणि तिच्यामुळे सेट अडलाय.

विक्रेत्या म्हणून शैलाताई पहिल्या नंबरची होती का? नव्हती. तिच्यापेक्षा जास्त संच विकणाऱ्या बायका शहरात आहेत, त्यांना कंपनी सहलीला नेते. ही गेली ती एकदाच, आणि तिथून परत येताना बसच्या ड्रायव्हरच्या बायकोचा नंबर घेऊन आली. तिची चिकाटी मात्र मी दुसरीकडे पाहिली नाही. तिचा कायदा होता, बाई "नको" म्हणाली तर चिमटा दूर सरकवायचा, काढायचा नाही. "फोन करू नका" म्हणाली तरच काढायचा. आणि गंमत अशी की तसं फारसं कोणी म्हणायचंच नाही. कोण म्हणेल? घरातल्यांना आपली परीक्षा, आपला मुहूर्त, आपला हरवलेला कुत्रा आठवत नाही, आणि चिक्कडपल्लीची एक बाई ते आठवणीनं विचारते.

तर अशी ती दोरी, भरलेली, आणि माणूस गेलेलं. तेराव्यानंतर श्रीकांत भाऊजींना भेटायला आला. संत्री घेऊन आला आणि ती भाऊजींपुढे ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आंटी, दिवाळीचा सीझन आहे. दसऱ्यापर्यंत इथून फोन सुरू झाले नाहीत तर ऑफिस हे कस्टमर दुसऱ्या लोकांना वाटून देणार. मला थांबवता नाही येणार." इतकी वर्षं आमच्यात राहून पोरगं मराठी शिकलं होतं आणि ती अशा कामाला वापरायची वेळ आली म्हणून त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. त्याचं काही चुकत नव्हतं. गिऱ्हाइकं कंपनीची. पण दुसरी बाई फोन करेल तेव्हा तिच्याकडे नाव-नंबर असतील आणि "नंतर" असेल, त्यापलीकडे काही नाही. आणि मी? मी स्वयंपाक करते. मला लोकांच्या भावांचे मुहूर्त विचारता येत नाहीत. माझ्या तोंडी ते चौकशीसारखं वाटत नाही, चौकशी समितीसारखं वाटतं. मी भाऊजींना म्हटलं, "मला नाही जमायचं. दोरी उतरवू या, तुमच्या टॉवेलला जागा होईल." दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खाली गेले तर ते गॅलरीत उभे राहून चिमटे एकेक बोट दाराकडे सरकवत होते. म्हणाले, "सरकवायचं तेवढं मला येतं. पुढचं तू बघ." मला त्या माणसाकडे बघवेना. मी चहा ठेवला आणि वर येऊन मनसोक्त रडले.

रोज चिमटे दारापाशी येत, आणि फोन होत नसत. लाल, निळे, पिवळे, सगळे तिथे दाटीवाटीनं येऊन थांबले, रेशनच्या रांगेत थांबल्यासारखे. फुलांचा सण सुरू झाला, आमच्या आवारात बायका बतुकम्मा, म्हणजे फुलांची उतरंड, मांडून संध्याकाळी टाळ्या वाजवत फेर धरू लागल्या. दसऱ्याच्या दोन दिवस आधी दुपारी मी खाली गेले. हेमलताबाईंचा पिवळा चिमटा अगदी दाराच्या चौकटीपाशी. त्यातल्या पातळ चिठ्ठीवर शैलाताईचं वळणदार अक्षर, "अत्तगारू काशीला गेल्या होत्या, आल्या का?" भाऊजी आतल्या खोलीत पेपर उघडून बसले, पण पान उलटल्याचा आवाज काही आला नाही. मी नंबर लावला.

"हॅलो, मैं मृदुला बोल रही हूँ. शैलाताई के साथ जो…" माझा आवाज नेहमीसारखाच लागला, वीजबिलाचा. पलीकडून लगेच विचारलं, "शैला किधर है?" मी सांगितलं. जसं सांगायचं असतं तसं काही जमलं नाही, दोन वाक्यांत सांगून टाकलं. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता, दूर कुठेतरी रेल्वेची शिट्टी झाली. मग म्हणाल्या, "मैं वही सोच रही थी… बतुकम्मा शुरू हो गया, फोन नहीं आया." माझं काम झालं होतं. फोन केला, बातमी दिली, शब्द पाळला. आता "बरं, ठेवते" म्हणायचं की संपलं. ते शब्द ओठांवर आले होते. समोर चिमटा लटकत होता. आणि मी आयुष्यात कधी केला नसता तो आगाऊपणा केला. विचारलं, "मॅडम, अत्तगारू काशी से आ गए क्या?"

आता त्या फोन आपटतील असंच मला वाटलं. एका बाईच्या मरणाची खबर देऊन लगेच नसलेल्या सासूची चौकशी, शोभतं का हे? मग आवाज आला, फाटलेला, पण त्यात काहीतरी हललं होतं. "हौ अम्मा, आ गए. परसों आये. आते ही पूछे, शैला का फोन कायकू नहीं आया…"

मग आम्ही दोघी रडलो. आणि रडता रडता त्याच हसल्या आधी, कारण सासूबाईंनी काशीहून गंगाजलाऐवजी आवळ्याचं लोणचं आणलं होतं. मी विचारलं, लोणचं तिखट आहे का? त्या म्हणाल्या, मग काय! किती वेळ बोललो कोण जाणे, खाली बायकांचे फेर सुरू झाल्याचं ऐकू आलं तेव्हा भान आलं. शेवटी मी घसा साफ केला. शैलाताईनं एकही फोन हे विचारल्याशिवाय ठेवला नव्हता, मीही ठेवणार नव्हते. "फिर सेट का क्या सोचे, मॅडम?" मी मनात उत्तर म्हणूनही टाकलं, त्योहार के बाद. पण हेमलताबाई अगदी शहाण्या सुनेच्या सुरात म्हणाल्या, "अत्तगारू को पूछ के बोलती. अगले महीने फोन करते ना तुम?"

मी म्हटलं, "करते."

फोन ठेवला आणि पिवळा चिमटा काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या चिठ्ठीच्या चिमट्याचा रंग बदलला. निळा चिमटा घेतला, "विचारून सांगते"चा. शैलाताईच्या अक्षरातली पातळ चिठ्ठी मात्र मला फाडता येईना, ती मी जाड चिठ्ठीच्या मागे सरकवली आणि पुढे माझ्या अक्षरात नवीन लावली, "लोणचं मुरलं का?" मग चिमटा नेऊन दोरीच्या पार त्या टोकाला अडकवला. आतून भाऊजींनी हळूच विचारलं, "काय म्हणाल्या?"

"सासूबाईंना विचारून सांगते म्हणाल्या."

शैलाताई गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा मी त्यांचं हसू ऐकलं. मोठ्यानं हसले, चष्मा काढून डोळे पुसले. मग उठून गॅलरीत आले, दारापाशी दाटलेल्या लाल-निळ्या चिमट्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खांद्यावरचा ओला टॉवेल मुकाट्यानं कठड्यावर टाकला.